पुन्हा मॉडेल रेल्वे: बार्शी लाईट भिंतीलगत बसवायची आहे, सुरुवात कुठून करू?

अरुंदमार्गी (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:१२

छंदाकडे परत वळतोय. भांडवल असं: एन गेजची दोन इंजिनं (बरीच वर्षं खोक्यात), नऊ मिमी फ्लेक्स (वाकवता येणारा) रूळ साधारण पंधरा मीटर, एक जुना कंट्रोलर. विषय ठरलेला आहे, बार्शी लाईट, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीची जुनी नॅरोगेज छोटी गाडी. जागा सोलापुरातल्या घराच्या वरच्या मजल्यावर, एका भिंतीलगत ३.२ मीटर लांब आणि ४५ सेंमी रुंद. त्याहून एक इंच जास्त मिळणार नाही.

प्रश्न तीन. स्केल कुठलं? कुर्डुवाडी करावं की एखादं लहान स्टेशन? आणि खोक्यातल्या मालाचं काय होईल? डोळ्यासमोर आषाढीची गर्दी आणि मागे ज्वारीचं उभं रान आहे. जाणकारांनी सांगावं.

गेजपट्टी, सोमवार रात्री ९:४०

आधी भागाकार, मग खरेदी. मूळ गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. १:८७ ला ते ८.७६ मिमी येतं. तुमचा रूळ ९ मिमी. फरक पाव मिलिमीटर, तो कुणाच्या बापाला दिसत नाही. यालाच एच-झीरो-ई म्हणतात आणि ऑस्ट्रियाच्या ७६० मिमीच्या गाड्यांमुळे यात तयार माल बऱ्यापैकी मिळतो.

ब्रिटिश डबल-ओ-नाईनच्या नादी लागायच्या आधी एक बघा. रूळ तोच ९ मिमी, पण स्केल १:७६. म्हणजे गेज झालं ६८६ मिमी, सव्वादोन फूट. शिवाय १:७६ चा डबा १:८७ च्या शेजारी ठेवला की १४ टक्के मोठा दिसतो. एकाच गाडीत दोन्ही जोडलेत तर डब्यांची छपरं पायऱ्यांसारखी दिसतील.

मालडब्याचं माप सोपं आहे. लाईन उभारणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबाने सगळे मालडबे एकाच प्रेस्ड-स्टील सांगाड्यावर बसवले, २५ फूट लांब, ७ फूट रुंद. १:८७ मध्ये ८७.६ बाय २४.५ मिमी. एक सांगाडा नीट जमला की उघडा, बंद, सपाट, सगळे प्रकार त्यावरच. नवख्यांना आणि परत येणाऱ्यांना याहून सोयीची लाईन नाही.

फिशप्लेट, सोमवार रात्री १०:०५

गेजपट्टींचं गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. १:६४ घ्या. त्यात ७६२ मिमी म्हणजे ११.९, आणि टीटी या दुसऱ्या मॉडेल-मापाचा १२ मिमी रूळ बाजारात आहे. १:८७ पेक्षाही जवळ. दुसरं म्हणजे खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या धातूच्या छोट्या गाड्या बऱ्याच अंशी १:६४ च्या. स्टेशनबाहेर ट्रक, ट्रॅक्टर उभे करायचे तर आयते. १:८७ मध्ये आपल्याकडची वाहनं शोधून दाखवा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी तर १:४८ बघावं. १६.५ मिमी रुळावर ७९२ मिमी गेज येतं, मालडबा १५९ मिमीचा होतो, आणि ब्रेकचा दांडा बसवताना भिंग लागत नाही.

गेजपट्टी, सोमवार रात्री १०:२१

१:४८ ला ३.२ मीटरमध्ये इंजिन आणि तीन डबे उभे राहतील. गाडी निघाली की आलीच पुढच्या स्टेशनात. आणि १:६४ ला चाकं, बोगी, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) सगळं एकतर टीटीचं कापून नाहीतर हाताने. धागाकर्त्यांकडे १५ मीटर ९ मिमी रूळ पडून आहे, तो काय रद्दीत घालायचा?

पोटभरू, सोमवार रात्री १०:२४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सांधेवाला, मंगळवार सकाळी ७:५०

स्केलवर भांडण चालू द्या, तोवर खोक्याचं बघू.

इंजिन थेट रुळावर ठेवून कंट्रोलर फिरवू नका. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं होतं, मोटार अडते, करंट चढतो आणि आर्मेचरची तार जळते. आधी बॉडी काढा. वर्म आणि गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोळ्याऐवजी ब्रशने धुवा, बोळ्याचे तंतू दात्यांत अडकतात. कम्युटेटरच्या फटींत काळी पूड साचलेली असते, ती लाकडी टूथपिकने काढा. सुई नको, तांब्यावर चरा पडतो. मग बेअरिंगला टाचणीच्या टोकाएवढंच प्लास्टिकला चालणारं हलकं तेल. शिवणयंत्राचं तेल धातूवर ठीक, पण काही जुन्या प्लास्टिक गिअरना ते सोसत नाही. गंज सोडवायचे स्प्रे मोटारीवर अजिबात मारू नका.

आता मल्टिमीटर मालिकेत जोडून ६ व्होल्टपासून वर. एन गेजच्या धडधाकट मोटारीने मोकळं फिरताना साधारण ६० ते १२० मिलीअँपिअर घ्यावेत. ३०० च्या पुढे गेलं तर कुठेतरी अडतंय, बंद करा. चाकांवरचे रबरी टायर तडकलेले असणारच, ते बदला. आणि चासीवर बारीक केसासारख्या भेगा किंवा फुगवटा दिसला तर तो जस्ताचा रोग. ओतकामाच्या जस्तात शिशाची भेसळ असली की आतून फुटत जातं. त्याला औषध नाही. मोटार आणि चाकं काढून ठेवा, चासी टाका.

चाकांचं आतल्या बाजूंमधलं अंतर साडेसात मिमीच्या आसपास आहे का तेही कॅलिपरने बघा. आत सरकलेलं चाक सांध्याच्या नाकावर चढतं, आणि लोक दोष सांध्याला देतात.

जुन्या कंट्रोलरमध्ये हाफ-वेव्ह (अर्ध्या लहरीचा करंट) असेल तर नव्या कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटारींना तो लावू नका. त्या तापून जातात.

रॉकेलदिवा, मंगळवार सकाळी ९:३०

रुळाला मात्र आयसोप्रोपिल नको. ते पोलर द्रावक आहे, त्याने पुसलेला रूळ लवकर काळा पडतो. पांढरं रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिट सुती फडक्यावर घेऊन पुसा आणि कोरडं करा. जास्त दिवस टिकतं.

सांधेवाला, मंगळवार सकाळी ९:४८

टिकतं हे मान्य. पण बंद खोलीत, ठिणगी पडणाऱ्या रुळावर रॉकेलचं फडकं फिरवून लगेच गाडी सुरू करणारे महाभाग असतात. पुसा, पंखा लावा, अर्धा तास थांबा. पॉलिश पेपरबाबत तरी एकमत असू द्या: तो वापरायचा नाही. चरे पडतात आणि पुढची सगळी धूळ त्या चऱ्यांत बसते.

शेंगाचटणी, मंगळवार दुपारी १:१५

वरचा मजला आणि सोलापूर हे दोन शब्द वाचले आणि राहवलं नाही. स्लॅबखालच्या खोलीत जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि मे महिन्यात ४० च्या वर. निकेल-सिल्व्हर रूळ २५ अंशांच्या फरकात मीटरला साधारण ०.४३ मिमी वाढतो. ३.२ मीटरला झाले १.४ मिमी. थंडीत रूळ टोकाला टोक लावून घट्ट जोडला की मे मध्ये तो कुठेतरी सापासारखा वळणार, बहुतेक सांध्याच्या तोंडाशी.

उपाय: प्रत्येक जोडात थंडीच्या दिवसांत पोस्टकार्डाचा तुकडा धरून फट ठेवा, उन्हाळ्यात टाकत असाल तर जवळजवळ मिटवून टाका. जोडपट्टीला डाग (सोल्डर) देऊ नका, ती सरकती राहू द्या. त्याऐवजी प्रत्येक रूळतुकड्याला खालून स्वतंत्र तार द्या. बोर्डाखाली १.५ चौरस मिमीची मुख्य तार, तिच्यापासून ७/०.२ ची (०.२ मिमीच्या सात पदरांची) बारीक तार प्रत्येक तुकड्याला. काम वाढतं, पण पाच वर्षांनी 'गाडी इथेच का थांबते' हा प्रश्न पडत नाही.

प्लाय आयएस ७१० चा, १२ मिमी. दोन्ही बाजूंना आणि कडांना वार्निश. कडा सोडल्या तर पावसाळ्यात हवा तिथूनच आत शिरते. ३.२ मीटर एकसंध करू नका, जिन्यातून उतरत नाही. १०६ सेंमीचे तीन बोर्ड, ६ मिमीचे बोल्ट आणि पितळी डॉवेल.

थ्रीडी प्रिंटचे डबे करणार असाल तर पीएलए प्लास्टिक टाळा. ते ५५-६० अंशांना मऊ पडतं. मे मध्ये बंद गाडीत राहिलं की डब्याची केळी होते. पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याचीही गरज नाही.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची सूचना. मॉडेलवर सोलापुरी चादर किंवा टॉवेल झाकू नये. नाव मोठं आहे, पण टेरीचा तंतू थेट गिअरमध्ये जातो. प्लास्टिकचा कागद झाका.

पोटभरू, मंगळवार दुपारी १:२२

सोलापूरकरानेच चादरीला नको म्हणायचं? काय लका, दिवस पालटले.

काळीआई, मंगळवार संध्याकाळी ६:४०

मूळ धाग्यात एक गोष्ट सगळ्यांनी सोडून दिली. आषाढीची गर्दी आणि मागे ज्वारीचं उभं रान, हे एका वेळी असूच शकत नाही.

आपल्या भागातली मंगळवेढ्याची मालदांडी रब्बीची. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कापणी फेब्रुवारीच्या सुमारास. आषाढीला, जुलैत, ते रान नांगरून मोकळं पडलेलं असतं, काळंभोर. फार तर बाजूला तूर, बाजरी वीतभर आलेली. कणसं लागलेली ज्वारी आणि आषाढीचे वारकरी एकत्र दाखवले तर इथला कोणीही माणूस दोन मिनिटांत पकडेल.

गेजपट्टी, मंगळवार संध्याकाळी ६:५८

हे कुठल्याच मापात बसत नाही, पण १०० टक्के खरं आहे.

अरुंदमार्गी, मंगळवार रात्री ८:१०

पकडलं. मग काय निवडू? वारी सोडवत नाही आणि ज्वारीही.

काळीआई, मंगळवार रात्री ८:३५

वाऱ्या चार आहेत की. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. माघी करा. जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा मालदांडी कणसावर असते. गर्दी आषाढीपेक्षा कमी, म्हणजे माणसंही कमी रंगवावी लागतील. १:८७ मध्ये माणूस जेमतेम १९ मिमीचा, तीनशे टोप्या रंगवून बघा म्हणजे माघीचं महत्त्व पटेल.

आता ज्वारी करायची कशी. झाड सव्वादोन मीटर धरलं तर २६ मिमी. शेतात दोन ओळींत ४५ सेंमी, दोन रोपांत १५ सेंमी. म्हणजे मॉडेलवर ५ मिमी आणि १.७ मिमी. ३० बाय १० सेंमीच्या तुकड्याला साडेतीन हजार रोपं झाली. एकेक लावत बसू नका. काथ्याच्या पायपुसण्याची पट्टी कापा, केस २६ मिमीवर छाटा, ओळींत चिकटवा, बुडाशी पिवळट आणि वर फिकट हिरवा रंग. पुढच्या दोन ओळीच फक्त नीट, पात्यांसकट करा, नजर तिथेच अडते. कणसाला टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवून बारीक लाकडाचा भुसा. रवा वापरायचा मोह होईल, वापरू नका, मुंग्या पीक काढून नेतात.

जमिनीबद्दल. शेतातली खरी काळी माती आणून पसराल तर पस्तावाल. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, वर गोंद ओतला तरी सुटत नाही, कारण मातीचा गुणच तो. प्लास्टरमध्ये फरशीचा काळा ऑक्साइड आणि चिमूटभर लाल ऑक्साइड मिसळा, वर विटेची नाहीतर कोळशाची वस्त्रगाळ पूड. नांगरटीच्या रेघा प्लास्टर ओलं असताना जुन्या कंगव्याने.

खडीसाठी आपल्या बेसाल्टची बारीक कच चालेल, दाणा रव्याएवढा, अर्धा मिमी. पण त्यात मॅग्नेटाइट असतं. पसरायच्या आधी कागदावर पातळ थर करून त्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं चुंबक फिरवा. काळी मिशी उगवलेली दिसेल. ती तशीच राहिली तर महिन्याभरात मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटते. दोन-तीनदा फिरवा. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, ड्रॉपरने. साबण नसेल तर थेंब गोळा होऊन खडी ढकलतो आणि खड्डे पडतात.

चहाबाज, मंगळवार रात्री ९:०२

काळी मिशी! वाचनखूण साठवली आहे.

वाफाळलेला, बुधवार सकाळी ८:२०

इंजिनाचं कुणी बोललं नाही. पहिली पाच, ए वर्गाची, लीड्सच्या किटसन कंपनीची. चाकरचना ०-८-४ (पुढे एकही नाही, मध्ये आठ चालक, मागे चार चाकं), पाण्याची टाकी अंगावरच. लाईनचं सगळं गुपित अ‍ॅक्सलला ५ टन या हिशेबात आहे: ३० पौंडी हलका रूळ, म्हणून वजन आठ चालक चाकांवर वाटलेलं.

१:८७ मध्ये शून्यातून आठ चाकांची चासी बनवू नका. ऑस्ट्रियाच्या ३९९ वर्गाची चाकरचनाही ०-८-४, बाहेरच्या फ्रेमची, ७६० मिमी गेजची, आणि रोकोने ती एच-झीरो-ई मध्ये काढलेली आहे. जुन्या बाजारात मिळाली तर घ्या. अडचण एकच: तिची मागची बोगी एंगर्थ पद्धतीची, कोळशाच्या भागासकट वळणारी. ती सुटी करून साध्या बोगीवर आणावी लागते. बॉडी पितळी पत्र्याची करा, रेझिन प्रिंटपेक्षा वजन मिळतं, आणि चढावर वजनच ओढतं.

इंग्लंडच्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनचे किट दिसले तर हुरळू नका. ती लाईनही कॅलथ्रॉपचीच, १९०४ ची, भावंडं शोभावी इतकं साम्य. पण तिकडचं इंजिन २-६-४, आणि किट बहुतेक १:७६ चे.

आठ चाकांना वळण किमान ३०० मिमी त्रिज्येचं, दिसायला बरं ४५० चं.

फिशप्लेट, बुधवार सकाळी ८:४४

रुळाचा विषय निघालाच आहे तर. ३० पौंडी रूळ उंचीला ८० मिमीच्या आत, १:८७ मध्ये ०.९ मिमी. तुमचा जुना फ्लेक्स बहुधा कोड ८०, म्हणजे २ मिमी उंच. खऱ्यात ते १७७ मिमी झालं. मेन लाईनचा ५२ किलोचा रूळही १५६ चाच असतो! छोट्या गाडीखाली राजधानीचा रूळ. कोड ५५ घ्या, निदान समोरच्या भागात. जुना रूळ मागच्या, न दिसणाऱ्या यार्डात.

गेजपट्टी, बुधवार सकाळी ९:१०

हे पटलं. पण जुन्या चाकांच्या खोल कडा कोड ५५ वर खिळ्यांना घासतात, खडखड आवाज येतो. आधी एक हात लांबीवर चालवून बघा.

मिरजकर_नाही, बुधवार दुपारी १२:३०

कुर्डुवाडीच करा हो! नॅरोगेजच्या शेजारी ब्रॉडगेज, माल इकडून तिकडे, खरी गंमत तिथे. मूळ नावही बार्शी रोड होतं. नाहीतर मिरज, तिथे एकेकाळी तिन्ही गेज होते.

गेजपट्टी, बुधवार दुपारी १२:५५

तीन गेज म्हणजे १:८७ मध्ये ९, १२ आणि १९.३ मिमी. ब्रॉडगेजसाठी १६.५ चा एच-ओ रूळ टाकलात तर तो १४३५ मिमी होतो, भारतीय ब्रॉडगेज १६७६. शेजारी नॅरोगेज असताना हा फरक डोळ्यात खुपतो. इंग्लंडच्या पी-फोर वाल्यांचा (काटेकोर मापाने मॉडेल करणाऱ्यांचा) १८.८३ मिमी रूळ मिळाला तर तो १६३८ येतो, चालून जातं. पण गाडी उभीच ठेवायची, चाकं रुंद करून. आणि ४५ सेंमी रुंदीत दोन गेज, मालधक्का, फलाट, शेड? फलाटावर फक्त मुंग्या उतरतील.

खटकामाग, बुधवार दुपारी ३:१५

डब्यांच्या खिडक्यांच्या गजांसाठी एक सोलापुरी युक्ती. मागाची मोडीत निघालेली फणी घ्या. दोन इंचांत ४० घरं असलेल्या फणीत दोन घरांमधलं अंतर १.२७ मिमी येतं, १:८७ ला ११० मिमी. गजांसाठी नेमकं. पण फणीची पाती कापून खिडकीत बसवू नका, ती दोन-तीन मिमी खोल असतात, जाळी भिंतीसारखी दिसते. फणी फक्त साचा म्हणून वापरा. घराघरात ०.२ मिमीची तार ताणून बसवा, दोन्ही टोकांना आडवी तार ठेवून २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग द्या, मग जाळी वर उचला. फणी पोलादी असेल तर डाग तिला सहसा चिकटत नाही. तरी आधी तेलाचं बोट फिरवा.

सांधेवाला, बुधवार दुपारी ३:४०

हे आवडलं. फोटो टाका, नाहीतर धागा फाऊल धरण्यात येईल.

वाफाळलेला, बुधवार संध्याकाळी ५:०५

धागाकर्ते, काळही ठरवून टाका. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, १ जानेवारी १९५४ ला सरकारजमा. १९५४ च्या अलीकडे-पलीकडे डब्यांवरची अक्षरं आणि पाट्या बदलतात. डिझेलची झेडडीएम इंजिनं आणि किटसनचं ०-८-४ एका फलाटावर नको. आणि उस्मानाबादची (आताच्या धाराशिवची) पाटी तर नकोच. छोटी गाडी येडशीवरून जायची, उस्मानाबाद शहर रुळावर आलं ते ब्रॉडगेज करताना मार्ग वळवल्यावर.

अरुंदमार्गी, बुधवार रात्री १०:३०

सगळ्यांचं वाचून कागदावर आखलं. तपासून द्या.

स्केल १:८७. कुर्डुवाडी ते बार्शी २१ मैल, त्याचेच ३९० मीटर होतात, तेव्हा लाईन करायचा हट्ट सोडला. एक लहान स्टेशन, कुर्डुवाडी-पंढरपूर फाट्यावरचं, मोडनिंब किंवा आष्टीच्या धर्तीवर. काळ सरकारजमा होण्याआधीचा, माघी.

गाडी: इंजिन ११० मिमी, सहा डबे जोडासकट ९४ प्रमाणे ५६४, एकूण ६७४. लूपमध्ये (गाड्या ओलांडायच्या बाजूच्या रुळावर) दोन्हीकडे ५० मिमी मोकळे धरून साधारण ७७५. सांधे दोन, प्रत्येकी १३० धरले. लूप झाला १०३५. त्याला लागून ५०० ची मालसायडिंग. डाव्या टोकाला शेत, उजव्या टोकाला ९०० मिमीचं लपवलेलं यार्ड.

सांधेवाला, बुधवार रात्री १०:५२

बसतंय. फक्त बोर्डांचे जोड १०६० आणि २१२० वर आहेत, सांधा त्यावर आला तर पात्याखाली फट पडेल. लूप ८० मिमी डावी-उजवीकडे सरकवून बघा.

लपवलेल्या यार्डात सांधे टाकूच नका, जागा खातात. खिडक्या बनवणाऱ्याकडून १२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल आणा. ८०० मिमीचे दोन तुकडे पाठीला पाठ, उभ्या कडांच्या आत ९ मिमी ठेवून प्लायच्या पट्टीवर स्क्रूने बसवा. उभी कड हाच रूळ. अख्खी गाडी पट्टीसकट उचलायची, फिरवायची, परत लावायची. दोन्ही टोकांना अडसर मात्र विसरू नका, नाहीतर सहा डबे थेट फरशीवर.

काळीआई, बुधवार रात्री ११:१०

शेत डाव्या टोकाला आहे आणि खिडकी कुठे आहे? ऊन थेट ज्वारीवर येत असेल तर हिरवा रंग एका उन्हाळ्यात उडेल.

अरुंदमार्गी, बुधवार रात्री ११:१४

डावीकडेच आहे खिडकी. आरसा धरून आखणी उलटी करतो.